वरच्या दोन ओळी

नेत्रपेढीच्या तळमजल्यावर, शीतपेटीच्या खोलीला लागून, एक अरुंद खोली होती. तिथे बाई बसत. बाईंना नाव होते, पण ते पगारपत्रकापुरते. समोर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठ फिरली की ‘काळी खिडकी’. कारण त्यांच्या पडद्यावर ना चित्र, ना बटण, ना रंग. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, एवढाच कारभार. बाई एक ओळ लिहीत, यंत्र एका ओळीत उत्तर देई, आणि दोघांचे बरे चाले.

हे टोपणनाव बाईंना ठाऊक होते आणि आवडतही होते. एरवी त्यांना आवडणाऱ्या गोष्टी थोड्याच होत्या. माणसांपैकी तर फारच थोडी. ‘बाई, होत नाहीये’ असे म्हणत दारात उभा राहणारा माणूस दिसला की त्यांच्या कपाळावर आठी चढे. काय होत नाहीये? कुठे होत नाहीये? यंत्राने स्वच्छ अक्षरांत लिहून दिलेले असते काय बिघडले ते, आणि ही मंडळी तेवढे सोडून बाकी सगळे वाचतात.

डोळ्याच्या बुबुळासाठी थांबलेल्या लोकांची यादी मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर होती, चार रस्ते पलीकडे. रोज सकाळी सात वाजता बाईंनी नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांची चिठ्ठी, आपणहून जागी होई, तारेवरून त्या सर्व्हरमध्ये शिरे, तिथल्या डेटाबेसला ‘आजची रांग सांग’ म्हणे, मिळालेली नावे घेऊन परत येई, त्यांना एक-दोन-तीन असे आकडे घाली आणि सिस्टरच्या टेबलावरच्या प्रिंटरमधून कागद काढी. पेढीत डोळा आला की सिस्टर त्या कागदावरच्या पहिल्या माणसाला फोन करी.

त्या कागदाचा एक नियम होता आणि तो भिंतीवर चौकटीत लावलेला होता. कागदावरचे नाव सिस्टरला खोडता येई. माणूस तापाने पडला असेल, गावाला गेला असेल, तर लाल पेनाने रेघ. पण कागदावर हाताने नाव लिहिता येत नसे. एक अक्षरही नाही. मागे एकदा कोणाचा तरी मेहुणा असाच हाताने लिहिला गेला होता, तेव्हापासून हा नियम. आणि एका दिवसात दुसरी यादी काढायची झाली, तर पहिली का चुकली ते कारण लिहून, चुकणाऱ्यांच्या सह्या घेऊन, तो कागद यादीला जोडायचा. नऊ वर्षांत दुसरी यादी कधी निघाली नव्हती.

त्या दिवशी अकरा वाजता सिस्टर बाईंच्या दारात आली. ती ‘होत नाहीये’ म्हणाली नाही, म्हणून बाईंनी मान वर केली.

“बाई, घड्याळजी परत आलाय. बाकावर बसलाय. उठत नाही म्हणतो.”

“बसू दे. बाक त्याच्यासाठीच केलाय.”

“आज पहाटे डोळा आलाय. उद्या सकाळी ऑपरेशन. दोन वाजेपर्यंत मला फोन करायला हवा, म्हणजे तो माणूस संध्याकाळी भरती होईल. आणि यादीत घड्याळजी नाही.”

“कितवा होता काल?”

“काल एक नंबर. परवाही एक नंबर. गेल्या गुरुवारी गायब, शुक्रवारी परत एक नंबर. हा काय लपाछपी खेळतो का बाई?”

घड्याळजी हा साठीचा, किडकिडीत, सुरकुतल्या मानेचा माणूस होता. उजव्या डोळ्यावर दुधासारखा पडदा आलेला. नेमका उजवा, ज्यावर तो भिंग लावून घड्याळांची पोटे उघडायचा. चौदा महिने तो रांगेत होता आणि चौदा महिने त्याचे दुकान अर्धवट मिटलेले होते. गेल्या गुरुवारी एक डोळा आला आणि तो मिळाला त्याच्या मागच्या, दोन नंबरच्या ट्रकड्रायव्हरला. तपासणीच्या रांगेत ड्रायव्हरनेच भोळेपणाने ही आनंदाची बातमी घड्याळजीला दिली. तेव्हापासून घड्याळजीने तक्रार घातली होती, आणि तक्रारीत एकच प्रश्न होता: माझे नाव कोणी खाल्ले?

संचालकांनी चौकशी नेमली, आणि चौकशीचे काम सल्लागारांकडे दिले. सल्लागार म्हणजे बाईंचा जावई.

इथे बाईंची खरी अडचण होती. जावई चाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला ओळखपत्र असा माणूस. घरी तो त्यांना ‘आई’ म्हणे, कार्यालयात ‘मॅडम’. तो पेढीत आला तो बाईंच्या ओळखीने नव्हे. संचालकांच्या एका भाषणात पहिल्या रांगेत बसून त्याने टाळ्या वाजवल्या होत्या, त्या टाळ्यांच्या ओळखीने. मुलीचा संसार मध्ये, म्हणून बाई मूग गिळून बसत. जावयाने अहवालात लिहिले होते: ‘काळ्या खिडकीतून हाताने काम करण्याची पद्धत कालबाह्य असून मानवी हस्तक्षेपाची शक्यता नाकारता येत नाही.’ साध्या भाषेत, नाव सासूबाईंनी खाल्ले असावे. येत्या सोमवारपासून काळी खिडकी बंद आणि रंगीत पडद्याचे नवे साधन सुरू, असे ठरलेही होते.

बाईंनी तो अहवाल वाचला होता. त्यातली शुद्धलेखनाची चूक पेन्सिलीने दुरुस्त केली होती आणि परत पाठवला होता.

“जावईबापूंना बोलवा,” त्या सिस्टरला म्हणाल्या. “आणि घड्याळजीला पाणी द्या. तो उठणार नाही, मला माहीत आहे. मीही उठले नसते.”

जावई एकच्या सुमारास आला, तो मोबाइलवर बोलतच आला, आणि बोलणे संपेपर्यंत त्याने बाईंना एक बोट दाखवून थांबायला सांगितले. बाई थांबल्या. त्यांनी मनात त्या बोटाचे काय काय केले ते सांगण्यासारखे नाही.

“हं, मॅडम. तोच इश्यू ना? मी म्हटलंच होतं. डेटाबेसशी बोलणाऱ्या तुमच्या क्लायंट प्रोग्रॅमची आवृत्ती जुनी आहे. सर्व्हरशी तिचं जुळत नसणार.”

“नसणार की नाही?”

“म्हणजे... शक्यता आहे.”

“जुळत नसेल तर सगळीच नावं जायला हवीत. ही आवृत्ती काय घड्याळजीवर रुसलीय?”

“मग नेटवर्क. मध्येच डेटाचं पाकीट हरवतं कधीकधी. किंवा अक्षरांचा संच. त्याच्या नावात जोडाक्षर आहे.”

“शुक्रवारी नव्हतं का जोडाक्षर?”

जावई म्हणाला, “सगळं काढून परत टाकून बघू या का? बऱ्याचदा तेवढ्यानं होतं.”

बाईंना जगात ज्या वाक्याचा सर्वांत जास्त तिटकारा होता ते हेच. घर गळते तर पाडून परत बांधू या, असे म्हणणारा गवंडी त्यांनी अजून पाहिला नव्हता. संगणकात मात्र असे गवंडी जागोजाग बसलेले, आणि त्यांच्या गळ्यांत पट्टे.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला दाखवते. कुठल्याही वस्तूला हात न लावता बसा.”

त्यांनी काळ्या पाटीवर ओळ लिहिली आणि स्वतः, स्क्रिप्टशिवाय, दूरच्या सर्व्हरमध्ये शिरल्या. डेटाबेसला रांग विचारली. पडद्यावर वर एक मथळा आला, ‘नाव, वय, डोळा’, आणि त्याखाली माणसे. पहिलाच घड्याळजी. वय एकसष्ट. डोळा उजवा.

“आहे!” जावई ओरडला.

“आहेच. तो कुठे जाणार? त्याला कोणी खोडलं नाही, कोणी परत लिहिलं नाही. म्हणजे मी खाल्लं नाही. तुमच्या अहवालाचं पहिलं पान गेलं.” बाईंनी खुर्ची पुढे ओढली. “आता ओळी मोजू. सदतीस माणसं आणि एक मथळा. अडतीस. कबूल?”

“कबूल.”

“सिस्टरच्या कागदावर किती?”

जावयाने कागद आणून मोजला. छत्तीस. परत मोजला. छत्तीसच. एकपासून छत्तीसपर्यंत आकडे नीट ओळीत, कुठे भोक नाही, फट नाही; पाहणाऱ्याला वाटावे, यादी पुरी आहे. आकडे नंतर घातले जातात, त्यामुळे पहिला माणूस गळला की दुसरा बिनबोभाट एक नंबर होतो. जास्तीचे काही आले तर डोळ्यात खुपते. नाहीसे झालेले कोणाला दिसत नाही.

“अडतीस निघतात, छत्तीस पोचतात,” बाई म्हणाल्या. “दोन ओळी वाटेत कोण काढून घेतं? मी तर एकच काढते.”

“तुम्ही?”

“मथळा. ‘नाव, वय, डोळा’ हा काही पेशंट नव्हे. म्हणून स्क्रिप्टला सांगून ठेवलंय, आलेल्या यादीतली वरची एक ओळ फेकून दे.”

बोलता बोलता त्यांनी स्क्रिप्ट उघडली. नऊ वर्षांत त्यांना ती उघडावी लागली नव्हती. स्वतःच्या हस्ताक्षराकडे पाहावे तशा त्या खाली खाली वाचत गेल्या, आणि एका ओळीवर थांबल्या. तिथे एक असायला हवा होता. तिथे दोन होता.

फाइल शेवटची कधी बदलली ते त्यांनी यंत्राला विचारले. यंत्राने तारीख सांगितली. तीन महिन्यांपूर्वीची. बाई तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस रजेवर होत्या.

त्या खुर्ची वळवून नुसत्या जावयाकडे बघत राहिल्या. तशी नजर झेलण्यापेक्षा माणूस शिव्या बऱ्या म्हणेल.

“थोडंसं ॲडजस्ट केलं होतं,” जावई म्हणाला.

“कशासाठी?”

“तुम्ही रजेवर होता. एके दिवशी यादीत पहिला पेशंट ‘नाव’ म्हणून आला. वय ‘वय’. डोळा ‘डोळा’.”

“हो, हो!” दारातून सिस्टर म्हणाली. ती मघापासून तिथेच उभी होती. “मी फोन करायला गेले तर नंबरच नाही! मग ह्यांनी दुरुस्त करून दिलं. तरी तो ‘नाव’ मधूनमधून येतोच. मी लाल रेघ मारते.”

“अजूनही येतो? आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?”

“खोडायला परवानगी आहे ना बाई. मला वाटलं, यंत्राची सवय असेल.”

यंत्राची सवय! बाईंनी एक लांब श्वास घेतला. तीन महिने ही सिस्टर मथळ्याला पेशंट समजून खोडत होती, मन लावून, पट्टी धरून.

“जावईबापू, त्या दिवशी मथळा पेशंट कसा झाला? त्याच्या आधी तुम्ही सर्व्हरवर काय केलं होतं?”

“मी काही नाही. म्हणजे, संचालकांनी सांगितलं ते केलं. सुविचार.”

आणि मग बाईंच्या सगळे लक्षात आले.

संचालकांना बोलण्याची हौस होती आणि ऐकणारे कमी पडत. म्हणून त्यांनी काढलेला उपाय असा: जो कोणी सर्व्हरमध्ये शिरेल त्याला आधी त्यांचा आजचा विचार दिसला पाहिजे. ते रोज सकाळी मोबाइलवरून विचार पाठवत, आणि जावयाने लॉगिनच्या फाइलमध्ये एक ओळ घालून तो विचार दारातच टांगायची सोय केली होती. ‘ध्येय उंच ठेवा, पाय जमिनीवर ठेवा.’ ‘वेळ ही नदी आहे.’ असला माल. माणूस शिरला तर माणसाला, आणि स्क्रिप्ट शिरली तर स्क्रिप्टला. स्क्रिप्ट बिचारी ऐकून घेई. तिला विचार आणि पेशंट यांतला फरक कुठून कळणार? ती सुविचार पहिली ओळ समजून फेकून देई आणि मागून आलेल्या मथळ्याला एक नंबर बहाल करी. तेव्हा जावयाने फाटक्याला ठिगळ लावावे तसे एकाचे दोन केले. सुविचार एक, मथळा एक, दोन्ही ओळी फेकल्या. झाले. विचार दोन ओळींचा असला की ‘नाव’ नावाचा पेशंट परत उगवे. आणि संचालक दौऱ्यावर असले, विचार पाठवायला विसरले, की दारात काहीच टांगलेले नसे. मग दोन ओळींत जाई मथळा, आणि त्याच्यामागे उभा असलेला पहिला माणूस.

“गेल्या गुरुवारी साहेब कुठे होते?”

“परिषदेला.”

“आज?”

“उद्घाटनाला.”

“म्हणजे साहेब तोंड उघडतात तेव्हा यादी बरोबर येते आणि गप्प बसतात तेव्हा एका माणसाचा डोळा जातो. तुम्ही असं यंत्र उभं केलंत, जावईबापू. हे कोणाला सुचणार नाही.”

जावयाचे कान लाल झाले. पण तो हार मानणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर लगेच तजेला आला. “मग सोपं आहे! मी साहेबांना मेसेज टाकतो, आत्ताच्या आत्ता एक ओळीचा विचार पाठवा म्हणून. स्क्रिप्ट परत चालवू. घड्याळजी येईल बरोब्बर वर.”

त्याने मेसेज टाकलासुद्धा. बाई बघत राहिल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ मूर्खपणा पाहिला होता, पण तो बहुधा थकून कुठेतरी थांबायचा. हा दमतच नव्हता. दोन मिनिटांत उत्तर आले. साहेबांना उद्घाटनाच्या व्यासपीठावर भरते आले असावे. विचार पाच ओळींचा होता.

“त्यांना जरा छोटा करायला सांगू का?”

“नको. नदी अडवू नये,” बाई म्हणाल्या आणि कीबोर्डकडे वळल्या.

आता त्यांना फक्त आकडा परत एक करायचा होता. बोट त्या आकड्यावर गेलेही. तिथेच ते थांबले.

कारण आकडा एक केला तरी उद्या विचार आला की सगळे परत तेच. दोष दोनमध्ये नव्हता. दोष ‘वरची ओळ फेक’ यातच होता. न बघता फेक. वर काय आहे ते न विचारता फेक. आणि ती ओळ जावयाची नव्हती, बाईंची होती. डेटाबेसच्या क्लायंटला एक शब्द जास्त सांगितला असता तर त्याने मथळा पाठवलाच नसता, फेकायचा प्रश्नच आला नसता. नऊ वर्षांपूर्वी त्यांना तो शब्द आठवला नव्हता आणि पुस्तक उघडायचा कंटाळा आला होता. ‘चालतंय ना,’ असे म्हणून त्या घरी गेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट होती, ती जास्त बोचली. रजेवरून परतल्यापासून त्या स्वतः दिवसातून दहा वेळा त्या सर्व्हरमध्ये शिरत होत्या. दहा वेळा तो सुविचार त्यांच्या डोळ्यांसमोर येई, आणि दहा वेळा त्या नाक मुरडून पुढे जात. एकदाही त्यांच्या डोक्यात आले नाही की हे दळण स्क्रिप्टच्याही कानी पडत असेल. दुसऱ्यांना हसण्यात त्या इतक्या रमल्या की स्वतःच्या दाराशी काय टांगले आहे ते त्यांनी पाहिले नाही. हे जर दुसऱ्या कोणी केले असते तर बाईंनी त्याची सालटी काढली असती.

त्यांनी क्लायंटला तो शब्द सांगितला. मथळा बंद. फेकाफेकीची ओळ पुरतीच काढून टाकली. यादीच्या आधी एक खुणेची ओळ आणि यादीनंतर एक खुणेची ओळ घातली, आणि स्क्रिप्टला बजावले, या दोन खुणांच्या मध्ये असेल तेवढेच घे; बाहेर साहेब काय बरळतील ते तिथेच राहू दे. मग डेटाबेसकडून माणसांची संख्या वेगळी मागवली आणि यादीतल्या नावांशी जुळली नाही तर कागद काढूच नको, असेही लिहिले. वीस मिनिटे लागली. नऊ वर्षांपूर्वीही वीसच लागली असती.

पाच ओळींचा विचार दारात लटकत असताना त्यांनी स्क्रिप्ट चालवली. सदतीस. पहिला घड्याळजी.

“झालं!” जावई म्हणाला. “काढू प्रिंट?”

“दुसरी यादी आहे,” सिस्टर म्हणाली. “कारण लागेल. सह्या लागतील.”

“लिहा की, तांत्रिक कारणास्तव.”

“मी नाही घेणार,” सिस्टर म्हणाली. ‘नाव’ला तीन महिने खोडणारी ती सिस्टर, पण या बाबतीत ती भिंतीवरच्या चौकटीसारखी होती. “चूक काय आणि कोणाची, ते लिहायचं. नाहीतर सकाळचीच यादी धरणार. पावणेदोन झालेत.”

बाईंनी कागद घेतला आणि लिहिले. पहिल्या कलमात स्वतःचे: यादीची वरची ओळ न तपासता टाकून देण्याची सूचना मी दिली, नऊ वर्षांपूर्वी. खाली सही केली. दुसऱ्या कलमात: तीन महिन्यांपूर्वी सर्व्हरच्या लॉगिनला संदेश जोडला, आणि त्यामुळे बिघडलेली यादी कारण न शोधता एकाऐवजी दोन ओळी टाकून जुळवली. त्याखाली जागा सोडून कागद जावयापुढे सरकवला.

त्याने वाचला. मग दार लोटले आणि आवाज खाली आणला. “आई.”

“इथे मॅडम.”

“आई, हे साहेबांनी वाचलं तर मला ठेवतील का?”

“तुम्हाला ठेवतील हो. त्यांचे विचार कोण टांगणार मग?”

“तुमची लेक काय म्हणेल?”

“तिला मी सांगीन. तिला तुमच्याबद्दल नवीन काही कळेल असं वाटत नाही.”

“एवढं सगळं लिहायची गरज काय? तुमचं एक कलम पुरे की. तुम्ही तर सहा महिन्यांत निवृत्त होताय. तुम्हाला काय फरक पडतो?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्यांना राग आला नाही, याचेच त्यांना नवल वाटले. इतक्या सरळपणे, इतक्या निरागस चेहऱ्याने कोणी आपल्याला पुढे ढकलेल, हे त्यांनी घरातल्या माणसाकडून कधी अनुभवले नव्हते.

तेवढ्यात दार ढकलून घड्याळजी आत आला. काठी नव्हती, पण एक हात भिंतीला.

“कोणी खाल्लं ते कळलं का?” त्याने विचारले.

“कळलं,” बाई म्हणाल्या, आणि चार वाक्यांत सांगितले. घड्याळजीने मान वाकडी करून, चांगला डोळा त्यांच्याकडे धरून ऐकले. एकदाही ‘म्हणजे काय’ विचारले नाही.

“म्हणजे धूळ समजून काटा फेकला,” तो म्हणाला.

“हो.”

“दोघांनी मिळून.”

“हो. मी आधी, ह्यांनी नंतर.”

“आणि हा कागद कसला अडलाय?”

“सहीसाठी.”

घड्याळजी जावयाकडे वळला. त्याला बहुधा पट्टा आणि ओळखपत्राचा चमकता चौकोन तेवढा दिसत असावा. “मी घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला माझी खूण आणि तारीख सुईनं कोरतो. बारीक. गिऱ्हाइकाला दिसत नाही. पुढच्या कारागिराला दिसते. मी घाण केली असेल तर त्यानं शिवी कोणाला द्यायची ते त्याला कळावं. माझ्या बापाच्याही खुणा सापडल्यात मला, आणि मी बापालाही शिव्या दिल्यात.” तो थांबला. “तुम्ही काय आमच्यापेक्षा मोठे कारागीर आहात का?”

“तसं नाही, पण—”

“मग करा. माझा वेळ जातोय. चौदा महिने गेलेत, अजून दहा मिनिटं द्यायची माझी तयारी नाही.”

जावयाने बाईंकडे पाहिले, सिस्टरकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले. मोबाइल काही बोलला नाही. त्याने सही केली. सही मात्र झोकदार होती, खाली दोन रेघा आणि टिंब.

सिस्टरने कागद यादीला टाचला, लाल पेन कानामागे खोचले आणि उभ्या उभ्याच पहिले नाव मोठ्याने वाचले.

“इथेच आहे मी,” घड्याळजी म्हणाला. “ओरडू नका. डोळा गेलाय, कान नाही.”

“संध्याकाळी पाचला भरती. दोन जोडी कपडे आणा. घरचं कोणी बरोबर असू द्या.”

“मुलगी येईल.” तो भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेला आणि वळला. बाईंना वाटले, आता काही बरे बोलेल. “नऊ वर्षं चालत होतं म्हणता,” तो म्हणाला. “चालणारं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंच असं कोणी सांगितलं तुम्हाला?” आणि सिस्टरच्या मागे निघून गेला.

जावईही उठला. “चला, संपलं एकदाचं.”

“संपलं?” बाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या जुन्या याद्या पडद्यावर आणायला सुरुवात केली होती. “साहेब किती दिवस गप्प होते ते बघायला नको?”

“आता कशाला उकरता? तक्रार एकाचीच होती.”

ज्याला गळलेला माणूस तक्रार केल्याशिवाय दिसत नाही, त्याच्यावर शब्द वाया घालवायचा नाही, असे बाईंनी ठरवले. एकेक दिवस त्या मोजत गेल्या. आजचा सोडून विचार नसलेले दिवस नऊ निघाले. नऊ दिवस नऊ पहिली माणसे गळली होती. त्यातल्या सात दिवशी पेढीत डोळाच आला नव्हता, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. एक गुरुवार घड्याळजीचा. उरला एक दिवस, दोन महिन्यांपूर्वीचा. त्या दिवशी डोळा आला होता आणि दोन नंबरला दिला गेला होता.

पहिले नाव एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे होते. वय बेचाळीस, डोळा डावा. मधल्या काळात घड्याळजी, ट्रकड्रायव्हर आणि आणखी एक असे तीन पेशंट जास्त निकडीचे म्हणून तिच्या पुढे लागले होते; ड्रायव्हरला डोळा मिळून गेला, आणि आजच्या सदतीसांत ती तिसरी होती. तिला काहीच माहीत नव्हते. आपली पाळी अजून यायची आहे असे समजून ती शांतपणे थांबली होती.

“आई, तिला सांगायचं नाही,” जावई दारातून म्हणाला. या वेळी तो अजिजीने बोलत होता. “तिला कळायचा काही संबंधच नाही.”

“जेवायला रविवारी या,” बाई म्हणाल्या. “तिथे तुम्ही जावई आहात. आत्ता जाताना दार ओढून घ्या.”

दार लागले. बाईंनी पडद्यावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचला आणि फोन लावला. पलीकडे शिलाई यंत्राचा खडखड आवाज येत होता; तो थांबला.

“कोण बोलतंय?”

“नेत्रपेढीतून,” बाई म्हणाल्या. “तुमची पाळी दोन महिन्यांपूर्वी येऊन गेली. ती आमच्याकडून चुकली. कशी चुकली ते सांगते, पाच मिनिटं आहेत का तुम्हाला?”